ससा आणा

आमच्या बोरजाई गावात कुणाच्या मागे ससेमिरा लागला की तो सशाच्याच रूपात लागतो, आणि तो सोडवण्यासाठी नगरपरिषदेने एक ससाणा ठेवला आहे. त्या ससाण्याला हातावर घेऊन हिंडायचं काम माझ्याकडे आहे. माझं नाव हणमंत तोडकर, हुद्दा ससाणेवाहक.

बाहेरगावच्या माणसांना हे समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. तुमच्याकडे ससेमिरा नुसता लागतो, दिसत नाही. मग तुम्ही कुशी बदलत बसता आणि पित्त झालं म्हणून सांगता. आमच्याकडे निदान दिसतो तरी. एखाद्याने एखाद्याला एकच गोष्ट उठता-बसता विचारली, की एका सकाळी विचारलेल्या माणसाच्या उंबऱ्यापाशी ससा बसलेला असतो. तो चावत नाही, काही नाही. तुम्ही चाललात की मागे येतो, थांबलात की थांबतो, आणि मान वाकडी करून बघत राहतो. त्या बघण्यानेच माणूस अर्धा होतो. विचारणं चालू राहिलं की ससा वाढतो. खोलीत कोंडा नाहीतर पोत्यात घालून दुसऱ्या तालुक्यात सोडा, चहा प्यायला बसलात की तो पाठीमागे हजर. एकाने कापून शिजवायचाही प्रयत्न केला. सिलिंडर संपला, मटण कच्चं ते कच्चंच, आणि ससा मागे बसून फोडणीचा वास घेत होता.

यावर उपाय एकच. ज्याच्या मागे ससा असेल त्याने गावाबाहेरच्या माळावर यायचं. मी डाव्या हातात कोपरापर्यंतचा चामडी मोजा घालतो, ससाण्याला मुठीवर घेतो आणि त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढतो. मग त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने, खणखणीत आवाजात म्हणायचं, "ससा आणा." एवढं ऐकलं की पायातली घुंगरं वाजतात आणि माझी मूठ एकदम हलकी होते. ससा जीव घेऊन पळतो, वाकडातिकडा, या झुडपातून त्या झुडपात. ससाणा आधी वर जातो, इतका वर की नवख्याला वाटतं हा काही आता परत येत नाही. आणि मग तो खाली पडतो. उतरत नाही, पडतो. मी इतकी वर्षं बघतोय, तरी त्या वेळी रिकामी मूठ तशीच वर धरून उभा राहतो.

ससा मरत नाही. ससाणा त्याला उचलून थेट त्याच्या मालकाकडे नेऊन टाकतो, म्हणजे ज्याने विचारून विचारून तो तयार केला त्याच्याकडे. तिथून पुढे तो ससा त्या मालकाच्या मागे. आमचा यशवंत शिंपी ब्लाउज वेळेवर देत नाही, त्यामुळे त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, इतके ससे. गेल्या दिवाळीत त्याने एकदाचं माळावर येऊन तोंड उघडलं. दुपारपर्यंत गावातल्या निम्म्या प्रतिष्ठित बायकांच्या मांडीवर ससे पडले. मुख्याध्यापिका बाईंच्या मांडीवर तर पालकसभा चालू असताना पडला. ब्लाउज अजून मिळालेले नाहीत, पण कुणी विचारत नाही.

आता "आणा"च का, तेही सांगतो. सुरुवातीला नगरपरिषदेने ससाणा आणला तेव्हा "धर", "पकड", "छू" असं सगळं म्हणून झालं. पक्षी ढिम्म. पंखात चोच घालून बसायचा. एकदा नगराध्यक्ष पाहणीला आले. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, हा कुठला पक्षी? शिपायाने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकेक अक्षर सुटं करत सांगितलं, "स-सा-णा." पक्षी उडाला आणि शिपायाच्याच मागचा ससा उचलून घेऊन गेला. नावातच हुकूम आहे हे कळायला आम्हाला वर्ष लागलं, पण कळलं. मग काही शहाण्यांनी "ससा आण" म्हणून पाहिलं. पक्ष्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली. तेव्हा सभेत ठराव झाला, की पक्ष्याला आदरार्थी बोलावं. तेव्हापासून ते ससाणेसाहेब. रविवारी त्यांना सुटी असते आणि सुटीच्या दिवशी त्यांची टोपी काढायला मुख्याधिकाऱ्यांची परवानगी लागते.

हे सगळं सांगितलं ते वनिता घोरपडेसाठी.

वनिता आमच्या चैतन्य क्रीडा मंडळाची कप्तान. कबड्डी खेळते. आडनाव घोरपडे आणि पकड आडनावाला जागणारी. एकदा तिने घोटा धरला की समोरच्या पोरीने घरी निरोप धाडावा. पण पकड हा तिचा खरा खेळ नव्हेच. तिचा खरा खेळ चढाईचा. विशीत ती मध्यरेषा ओलांडून जायची तेव्हा पलीकडच्या साती जणी आपोआप मागे सरकायच्या. तिचे वडील दौलतराव ट्रॅक्टरची दुरुस्ती करायचे आणि प्रत्येक सामन्याला रेषेपाशी उकिडवे बसायचे. पोरगी परत आली की नुसती मान हलवायचे. तेवढी मान हलावी म्हणून ती खेळायची, असं ती स्वतःच सांगते.

दौलतराव गेले आणि त्या वर्षीच वनिताच्या मागे ससा लागला.

तो कुणाचा हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिची आई चंद्राक्का रोज जेवताना विचारायची, "मग, लग्नाचं काय ठरवलंस?" वनिता सांगायची, "आई, मला न्हाई करायचं." चंद्राक्काला ते "अजून न्हाई करायचं" असं ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट, पुन्हा भाकरी, पुन्हा तेच. दुष्टपणा नव्हता त्यात. नवरा गेल्यावर त्या बाईच्या पोटात भीती बसली होती, की माझ्या मागं हिचं कोण? ती भीती ती लग्नाच्या नावाने बोलून दाखवायची. पण ससा भीती बघत नाही, विचारणं बघतो. बारा वर्षांत तो वासराएवढा झाला.

आणि गंमत अशी, की आमच्या गावात दुसऱ्याचा ससा लगेच ओळखू येतो, स्वतःचा कुणालाच येत नाही. चंद्राक्का त्याला परड्यातला लसूणघास घालायची आणि शेजारणीला सांगायची, "तिच्या आत्यानं लावलाय गं पोरीच्या मागं. मेलीला दुसरा धंदा न्हाई."

सशाने वनिताची चढाई बंद केली. मैदानावर तो तिच्या पाठीशी उभा राहायचा. पंचांनी नियमाचं पुस्तक काढलं, तिघांनी बसून चर्चा केली, आणि निर्णय दिला की ससा खेळाडू धरण्यात येईल. म्हणजे आमच्या सहा पोरी आणि एक ससा मिळून सात. तो मोजायचा, पण बाद करायचा नाही, कारण बाद होऊन बाहेर बसायची त्याची तयारी नाही. हे आम्ही मान्य केलं. पण वनिता चढाईला गेली तर ससाही रेषा ओलांडणार, आणि एका वेळी दोघांनी चढाई करणं म्हणजे फाउल. गुण समोरच्यांना. त्यामुळे बारा वर्षं ती फक्त पकडीला राहिली. दुसऱ्या पोरी चढाईला निघाल्या की ती त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहायची. तिचं ते बघणं मला बघवायचं नाही.

मी तिला किती वेळा म्हटलं, "वने, एकदा माळावर ये. दोन शब्द तर म्हणायचेत."

"आणि ससा कुठं जाऊन पडंल, तोडकरभाऊ?"

"ज्याचा त्याच्याकडं."

"मग ऱ्हाऊ द्या." ती म्हणायची, "बापामागं तिनं कसे दिवस काढलेत, मी बघितलंय. उद्या ह्यो एवढा ससा घेऊन ती हळदी-कुंकवाला जाणार? बाया हसतील तिला. माझ्यामागं बरा आहे."

मला तिचा राग यायचा आणि तिच्यापुढे मान खाली घालावीशीही वाटायची. दोन्ही एकदमच.

यंदा वनिताचा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हा शेवटचा हंगाम. आणि यंदाच मंडळ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलं, तेही सहा पोरी आणि एका सशाच्या बळावर. सामना आमच्याच शाळेच्या मैदानावर, रविवारी दुपारी. गाठ वडजाईच्या रणझुंजार संघाशी. वडजाईच्या पोरी अशा, की त्यांच्या गावात चोर जात नाहीत.

रविवार म्हणजे ससाणेसाहेबांची सुटी. पण त्यांना कबड्डी आवडते. टोपीमुळे दिसत नसलं तरी ऐकून त्यांना कळतं. म्हणून मी त्यांना मुठीवर घेऊन रेषेपाशी, दौलतराव बसायचे त्या जागेच्या जवळ, उभा राहिलो. त्या जागी चंद्राक्का बसली होती. ती पहिल्यांदाच सामना बघायला आली होती.

चंद्राक्काबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ही बाई सगळ्या जगाला अरे-तुरे करते. पुराच्या वेळी कलेक्टर आले होते, त्यांना म्हणाली, "बस बाबा, वाळलास किती." गणपतीला म्हणते, "आलास व्हय?" जन्मात एकाच माणसाला तिने "अवो" म्हटलं, ते दौलतरावांना. ते गेले आणि तो शब्दही बंद झाला. मी तिला ससाणेसाहेबांची ओळख करून दिली, तर म्हणाली, "ह्यो व्हय तो? भाकरी खातोस का रं?" साहेबांनी पाठ फिरवली.

सामना सुरू झाला. मी सगळा सांगत बसत नाही, कारण मला तो सहन झाला नाही. मध्यंतरापर्यंत आम्ही मागे होतो. मध्यंतरानंतर वनिताने वडजाईच्या कप्तानाला अशी धरली की धुळीचा लोट उठला आणि तो बसला तेव्हा दोघी रेषेच्या आतच होत्या. गाव नाचलं. पण पुढच्या चढायांत आमच्या पोरी एकेक करून बाहेर गेल्या. शेवटी वेळ संपत आली तेव्हा फळ्यावर आम्ही एकवीस, वडजाई तेवीस. त्यांच्या चौघी मैदानात. आमची एकटी वनिता. आणि तिच्यामागे ससा.

चढाई आमची. शेवटची. एकटी उरलेली वनिताच जाणार, दुसरं कुणी नव्हतंच.

वडजाईच्या पोरी हसत होत्या. त्यांना काही करायचंच नव्हतं. वनिता रेषा ओलांडणार, मागोमाग ससा ओलांडणार, फाउल, खेळ खलास. मुख्य पंचांनी शिट्टी आधीच ओठाला लावून ठेवली होती. कामाचा माणूस.

मी ओरडलो, "वने, बोल! ससा आणा म्हण! फक्त म्हण!"

तिने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. फार वेळ नाही, डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच. पण त्या बघण्यात सगळं होतं. मग तिने मातीला हात लावला, कपाळाला लावला, आणि दम घेतला.

"कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..."

संपलं. एकदा दम धरला की दुसरा शब्द काढता येत नाही. काढला की बाद. तिने मुद्दामच दम धरला, म्हणजे कुणाला तिला काही बोलायला लावता येणार नाही. हरायचं तिने ठरवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काही लगेच रडणाऱ्यांतला नाही.

शेजारी चंद्राक्का हलली.

"हणमंता," ती म्हणाली, "तिनं माझ्याकडं का बघितलं रं?"

मी सशाकडे बघितलं. तिनेही बघितलं. ससा मान वाकडी करून उभा होता. चंद्राक्का जेवताना पोरीला विचारते तेव्हा तिची मान अशीच वाकडी होते. अगदी तशीच, डावीकडे.

"आगं बाई," चंद्राक्का म्हणाली. "माझा हाय त्यो."

बोरजाईच्या इतिहासात कुणी स्वतःचा ससा ओळखल्याची ही पहिलीच वेळ. पुढे काय करायचं याचा नियमच नव्हता. ज्याच्या मागे ससा लागला त्याने हुकूम द्यायचा, हे ठरलेलं. पण मालकानेच उठून आपला ससा परत मागितला तर? तसं आजवर कुणी मागितलंच नव्हतं. विचारायला मुख्याधिकारीही नव्हते. रविवार. मी साहेबांची टोपी काढली. जी काय नोटीस यायची ती येईल.

चंद्राक्का उभी राहिली आणि ओरडली, "ए ससाण्या, आण त्यो ससा!"

साहेबांनी पाठ फिरवली.

"अक्का," मी कळवळून म्हणालो, "मान द्या! आदरानं बोला त्यांना!"

वनिता रेषेपाशी पोचली होती. "कबड्डी कबड्डी." तिचा एक पाय उचलला गेला. पंचांचे गाल फुगले. चंद्राक्काचं तोंड उघडलं आणि मिटलं. आदराचा शब्द तिच्याकडे एकच होता आणि तो तिने बारा वर्षं कुणाला दिला नव्हता. तिने पदर डोक्यावर घेतला. मग अगदी हळू, स्वयंपाकघरातून सोप्यावर बसलेल्या माणसाला हाक मारावी तसं ती म्हणाली,

"अवो... ससा आणा."

घुंगरं वाजली. माझी मूठ हलकी झाली.

त्या दिवशी ससाणेसाहेब वर गेले ते शाळेच्या झेंड्याच्याही वर, पाण्याच्या टाकीच्याही वर. पार ठिपका झाले. माझ्या मनात आलं, वासराएवढा ससा उचलणार कसा हा पक्षी? आजवर त्यांनी कोंबडीपेक्षा मोठा ससा उचललेला नव्हता. तेवढ्यात ते पडले. सुं करून, सरळ. सशाने वर बघितलं, पण पळाला नाही. वनिताचा पाय रेषेपलीकडे टेकला आणि त्याच क्षणी साहेबांनी तो भलाथोरला ससा पाठीला धरून वर उचलला, वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने उचलावं तसा. मालकाने परत मागितलेल्या सशाला वजन नसतं. हे आता मला माहीत झालं आहे, आणि विचारणाऱ्याला मी सांगतो.

पंचांनी रेषेकडे बघितलं. रेषेपलीकडे एक खेळाडू. त्यांनी शिट्टी ओठावरून काढून खिशात ठेवली.

वडजाईच्या पोरी अजून वरच बघत होत्या. ही त्यांची चूक. वनिता एकटी आली आहे हे त्यांना कळलं तेव्हा ती त्यांच्यात होती. बारा वर्षं साठवलेली चढाई होती ती. डावीकडची पायाने शिवली. उजवीकडची खांद्याने. उरलेल्या दोघींनी तिला धरलं, एकीने कमरेला, एकीने दुखऱ्या गुडघ्याला, आणि ती दोघींना घेऊन निघाली. "कबड्डी कबड्डी कबड्डी." आवाज बारीक होत चालला, पण तुटला नाही. कमरेची सुटली. गुडघा धरलेलीने सोडलं नाही. वनिता आडवी पडली, हात लांब केला, आणि तिची बोटं मध्यरेषेच्या चुन्यात रुतली. हातभर चुना उडाला.

चौघी बाद! वर लोणाचे दोन गुण! फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरांचा खडू मोडला.

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण मी स्वतः हलगीवाल्यापुढे नाचत होतो आणि माझा चामडी मोजा कुणाच्या तरी डोक्यावर होता. यशवंत शिंप्याने वनिताला खांद्यावर घेतलं. गुलाल इतका उडाला की वडजाईच्या पोरीही लाल झाल्या आणि मग त्याही नाचल्या. मिरवणूक पेठेतून निघाली. पुढे वनिता. मागे चंद्राक्का, आणि तिच्यामागे तो वासराएवढा ससा, कानाला गुलाल लागलेला. बायका ओसरीवर उभ्या राहून बघत होत्या. एकजण हसली. चंद्राक्काने मागे वळून सशाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाली, "माझा हाय. बघ की जवळून." ती बाई आत गेली.

घराच्या दारात वनिता खांद्यावरून उतरली. आईसमोर उभी राहिली. चंद्राक्काने काही विचारलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच. तिने पोरीकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, दौलतराव हलवायचे तशी. वनिता तिच्या गळ्यात पडली आणि लहान पोरीसारखी रडली, आणि आम्ही सगळे उगाच हलगी तापवायला दुसरीकडे गेलो.

मला नोटीस आली. सुटीच्या दिवशी टोपी का काढली, याचा खुलासा मागितला होता. मी खुलासा दिला, की जिंकलो. तो समाधानकारक मानण्यात आला.

चंद्राक्काचा ससा दिवसेंदिवस लहान होत चालला आहे. आता मांजराएवढा आहे. ती त्याला बाजारात घेऊन जाते. ससाणेसाहेबांना रोज सकाळी दारावरून नेतो तेव्हा ती पदर सावरून म्हणते, "अवो, च्या घेता का?" साहेब चहा घेत नाहीत, पण माझ्या मुठीवर ताठ बसतात आणि तिच्याकडे पाठ करत नाहीत.

परवा वनिता माळावर आली. तिच्या टाचेपाशी उंदराएवढा नवा ससा होता, डोळे धड उघडलेले नव्हते.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"सगळ्या गावाचा," ती म्हणाली. "यंदा डॉक्टर बदलला मी. तवापासनं जो भेटंल त्यो इचारतोय, पुढच्या वर्साला चढाई करणार न्हवं?"

मी मोजा चढवला. ससाणेसाहेबांच्या टोपीला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या, तोडकरभाऊ," वनिता म्हणाली. तिने तो ससा उचलला आणि ट्रॅक पँटच्या खिशात घातला. "पंचांना इचारून आले मी. खिशातला मोजत न्हाईत."